लेकीच्या घरचं पाणी

लेकीचं लग्न ठरलं तेव्हाच मी तिला बजावून ठेवलं होतं, की तुला लेकरू होईपर्यंत मी तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. ती हसली. "मंग काय, घरून बाटली घेऊन येशील?" म्हणाली. मी म्हटलं, "येईन घेऊन." मुलगी इचोड्याला दिलेली, आदिलाबादहून बसने जाऊन संध्याकाळी घरी परत येता येतं. तेवढा वेळ तहान कुणालाही मारता येते. पण वर्षाच्या आत जावयांना दुबईत हिशेबनिसाची नोकरी लागली आणि लेकीचं घर समुद्रापलीकडे गेलं. रीत मात्र होती तिथेच राहिली.

आता ही रीत फारशी कुणी पाळत नाही. यवतमाळकडची आमची भावकी तर केव्हाच विसरली, आठवण करून दिली की हसतात. आमचे पूर्वज चारेक पिढ्यांमागे पैनगंगा ओलांडून इकडे आले. इथे शाळेत-कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी, मराठी उरली घरापुरती. म्हणून घरात जे जे होतं ते आम्ही जरा जास्तच घट्ट धरून ठेवलं. मला मुलगी होईपर्यंत माझी आई माझ्याकडे आली की ओट्यावर बसायची, गप्पा मारायची, आणि तहान लागली की उठून शेजारणीकडे जाऊन पाणी पिऊन यायची. शेजारणीचं चालायचं. लेकीचं नाही. मी मराठी शाळेत शिक्षिका होते. मुलांना दर गोष्टीत "काऊन?", म्हणजे का, असं विचारायची मला सवय, पण या रीतीला मी कधी काऊन विचारलं नाही.

मग माझ्या किडन्या गेल्या. बीपीने खाल्ल्या, असं डॉक्टर म्हणाले. मला बीपी आहे हे मला ठाऊक होतं, पण ते आत बसून काही खातंय याचा पत्ता नव्हता. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मी मशीनवर बसते. आमच्याकडे डायलिसिस असं कुणी म्हणत नाही, मशीनवर बसणं म्हणतात, जशी एखादी शिलाई मशीनवर बसते. डाव्या हाताच्या शिरेत दोन सुया, एकीतून रक्त जातं, दुसरीतून धुऊन परत येतं, आणि अंगात साठलेलं पाणी मशीन काढून घेतं. कारण ते पाणी बाहेर टाकणं आता माझ्या शरीराला जमत नाही. म्हणून दिवसभरात प्यायचं पाणीही मोजून, छोट्या बाटलीइतकं. यजमान म्हणाले, "चला, लेकीच्या घरी जायले तू आता एकदम तयार झाली."

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात मला या मशीनसाठी कधी एक रुपया कुणी मागितला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. तामसीहून, तलमडुगुहून बायका-माणसं सकाळच्या बसने येतात, मशीनवर बसतात, दुपारच्या बसने घरी जाऊन शेळ्यांना चारा टाकतात. पैसे नसल्याने कुणी मेलं असं त्या खोलीत मी पाहिलं नाही. पंखा कधी बंद असतो, चादर कधी फाटकी असते, मी कुरकुर करते, कारण कुरकुर करणं हा माझा स्वभाव आहे. पण त्या खोलीचे उपकार मी विसरणार नाही.

लेकीला दिवस गेले तेव्हा ठरलं होतं की सातव्या महिन्यात ती माहेरी येईल. पहिलं बाळंतपण माहेरी, यात वाद नव्हता. पण सहाव्या महिन्यात तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वार खाली सरकली आहे, रक्तस्राव होऊ शकतो, विमानात बसायचं नाही, फार चालायचं नाही, वजन उचलायचं नाही. लेक फोनवर रडली नाही, पण बोलता बोलता गप्प व्हायला लागली. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

आता जाणार कोण? तिच्या सासूबाई इचोड्याला भांड्यांचं दुकान चालवतात. त्यांचा गुडघा नुकताच बदललेला, काठी घेऊन गल्ल्यापर्यंत जायच्या. यजमान म्हणाले, "मी जातो." मी विचारलं, "तुमाले चहा तरी करता येते काय?" वीजखात्यातून निवृत्त झालेला माणूस, गावाला उजेड दिला पण गॅस पेटवायला अजून मला हाक मारतो. राहिले मी. मशीनवर बसणारी.

मला वाटलं होतं, आमचे डॉक्टर उडवून लावतील. तरुण तेलुगू मुलगा आहे, माझ्या मुलीच्या वयाचा. त्याने कागद बाजूला सारले आणि म्हणाला, "वेळ्ळंडी, मॅडम." जा म्हणाला! मशीन जगात सगळीकडे सारखंच असतं, आधी तिथल्या केंद्रात जागा ठरवून घ्या, रक्ताच्या तपासण्या पाठवा, निघायच्या आदल्या दिवशी इथे बसा, पोचल्यावर तिथे बसा. मग जरा थांबून म्हणाला, "तिथे मात्र फुकट नाही."

फुकट नाही म्हणजे किती, ते जावयांनी विचारून सांगितलं. तिथे एकदा मशीनवर बसायचे जेवढे पैसे, तेवढ्यात आमच्या घरचा महिना आरामात निघतो. आणि मला आठवड्यातून तीनदा बसायचं होतं, बाळंतपण आणि त्यानंतरचे दिवस धरून पावणेदोन महिने.

विम्यावाल्याला बोलावलं. गोड बोलणारा माणूस, चहा दोनदा घेतला. परदेश-प्रवासाचा विमा आहे, सगळं आहे, म्हणाला. मी हातावरची फुगलेली शीर दाखवली. त्याने कप खाली ठेवला. "मॅडम, आधीपासून असलेला आजार यात बसत नाही. तिथे जाऊन तुम्ही जिन्यावरून पडलात, पाय मोडला, तर पैसे मिळतील."

"आयकलं काय?" यजमान म्हणाले. "तिथं जाऊन पयले पाय मोडून घे."

लेकीच्या बाळंतपणाचा सगळा खर्च जावयांच्या कंपनीच्या विम्यात होता. माझा कशातच नव्हता. जावई फोनवर म्हणाले, "आई, पैशाचं तुमी डोक्यात घेऊ नोका. मी पाहून घेतो." मी म्हटलं, "जवाईबापू, मी तुमच्या घरचं पाणी पीत नाही अन् तुमच्या पैशानं रक्त धुऊन घेऊ?" माझ्या निवृत्तीच्या पैशातली एक ठेव मी बाजूला ठेवली होती. मशीनवरच्या माणसाला अशी एक ठेव राखावी लागते, कधी काय होईल सांगता येत नाही. ती मी मोडली. लेकीचं बाळंतपण हेच ते कधी काय होईल, असं मी स्वतःला समजावलं.

दुबईत पोचले आणि पहिल्याच दिवशी लेकीशी भांडण झालं. आठवा महिना लागलेला, पाय सुजलेले, तरी तिने उठून माझ्यासाठी वरण-भात केला होता. उपाशी राहून तिची सेवा कशी करणार? तेव्हा मी वाट काढली. अशा वेळी जुनी माणसं ताटाखाली पैसे ठेवायची, म्हणजे ते विकतचं जेवण होतं, लेकीचं होत नाही. मी एक दिरहम ताटाखाली सरकवला आणि जेवले. लेकीने ताट उचललं, नाणं पाहिलं.

"आई, हे घर आहे का खानावळ?"

"रीत आहे."

"मंग तू माह्यासाठी भाकऱ्या करशील त्याचे मी किती देऊ?"

मी आवाज चढवला. शाळेत हे हमखास चालायचं. घरी चाललं नाही, पण नाणी मी ठेवत राहिले आणि लेक ती एका डब्यात टाकत राहिली. पाण्याचा प्रश्न मी बाटल्या विकत आणून सोडवला. खालच्या दुकानातून माझ्या पैशाने. जावई घरी आल्यावर माझ्या बाटल्यांकडे पाहायचे आणि मुकाट्याने आपल्या खोलीत जायचे. आता आठवलं की त्या माणसाच्या सहनशक्तीचं मला नवल वाटतं. त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

तिथलं केंद्र म्हणजे हॉटेलच. गार हवा, पांढऱ्या चादरी, प्रत्येक खुर्चीला स्वतःचा टीव्ही. पण मशीनपर्यंत जायच्या आधी काउंटर लागायचा. आधी कार्ड, मग सुई. पहिल्या दिवशी कार्ड पुढे करण्याआधी मी आकडा दोनदा वाचला. नंतर सवय झाली. सुया टोचायला केरळची एक नर्स होती, माझ्याशी हिंदीत बोलायची आणि चुकले की ओरडायची. वजन जरा वाढलेलं दिसलं की म्हणायची, "अम्मा, पानी कितना पिया? सच बोलो." मी खरं बोलायचे. तिच्यापुढे खोटं चालत नसे. परक्या मुलखात आपल्यावर हक्काने ओरडणारं कुणी भेटलं की किती बरं वाटतं, ते मला तिच्यामुळे कळलं.

दोन-अडीच आठवडे असे नीट गेले. मी सकाळी लेकीला दूध-लापशी करून द्यायची, दुपारी तिचे पाय चेपायची, मशीनच्या दिवशी स्वयंपाक आदल्या रात्रीच करून ठेवायची. ती पडल्या पडल्या मला नावं वाचून दाखवायची, मुलाची आणि मुलीची, आणि मी प्रत्येकात खोड काढायची. मला वाटलं, निभावलं आता.

मग संकष्टी आली. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाणे, म्हणून ती नको, बटाटा नको, केळं तर विषच. आदिलाबादला डॉक्टरांनी माझ्याकडून हे सगळं तोंडपाठ करून घेतलेलं: केळी नाही, नारळपाणी नाही, टमाटे नाही, बटाटे नाही. या सगळ्यांत पोटॅशियम असतं, ते माझ्या अंगातून बाहेर पडत नाही आणि वाढलं की थेट हृदय धरतं. आता उपासाला खायचं काय? शेजारच्या घरी एक इजिप्तची बाई राहायची. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत खजूर द्यायचा ही त्यांच्याकडची रीत, म्हणून तिने भला मोठा डबा भरून खजूर लेकीला आणून दिला होता. लेकीला खजूर आवडत नाही. डबा तसाच पडून.

मी तो पाहिला आणि मला फार आनंद झाला. शेजारणीच्या घरचं! लेकीचं नाहीच ते. ताटाखाली दिरहमही ठेवायला नको. माझी आई ज्या समाधानाने शेजारणीकडे पाणी प्यायची, त्याच समाधानाने मी दिवसभर तो खजूर खाल्ला. मऊ, मधासारखा. आदिलाबादला आमच्यापैकी कुणी खजूर खातंच किती, की डॉक्टरांनी तो मना करावा? केळ्याला मागे टाकेल एवढं पोटॅशियम त्यात असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उठायला गेले तर पाय उचलेनात. कुणी वाळूची पोती बांधावीत तसे जड. छातीत एक ठोका पडे, मग थांबे, मग दोन एकदम पडत. मी हाक मारली ती लेकीला नाही, जावयांना. एवढं भान होतं. ते धावत आले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन लावला. ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात नळ्या, इंजेक्शनं, छातीला चिकटवलेल्या तारा, आणि लगोलग मशीन. नंतर केंद्रातल्या त्या नर्सला कळलं तेव्हा तिने विचारलं, "अम्मा, खजूर? कितने?" मी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि मग माझ्या डोक्यावरून फिरवला.

दोन दिवसांनी घरी आले. आल्या आल्या मी विचारलं, "बिल किती झालं?"

जावई म्हणाले, "झालं थोडं."

"थोडं म्हणजे?"

"आई, तुमी आराम करा."

मी शुद्धीवर असते तर काउंटरवर माझंच कार्ड पुढे केलं असतं. नव्हते, म्हणून त्यांनी भरलं. मी बिल मागितलं, त्यांनी दिलं नाही. मी लेकीच्या मागे लागले, तिने आकडा सांगितला. माझ्या ठेवीत उरलेलं सगळं दिलं असतं तरी पुरलं नसतं. मी जावयांना सांगितलं की निम्मं तरी आत्ता घ्या, बाकीचं आदिलाबादला गेल्यावर पाठवते. ते म्हणाले, "मी तुमचा पोरगा असतो तर घेतलं असतं काय तुमी?" मी म्हटलं, "पोरगा नाही तुमी, जवाई आहे." त्यांचा चेहरा उतरला. त्यांना जेवताना घास जाईना हे मला समोरून दिसत होतं, आणि तरी मी ऐकेना. एकदा हटून बसले की मला मागे कसं यायचं तेच समजत नाही.

रात्रभर विचार करून सकाळी मी निर्णय सांगितला. वार खाली असल्याने लेकीचं बाळंतपण ऑपरेशननेच करायचं ठरलं होतं, ती तारीख तीन आठवड्यांवर होती. बिलाचे निम्मे, जावई घेवोत न घेवोत, मी बाजूला काढले होते; उरलेल्या पैशात आठवड्यातून तीनदा बसणं जमत नव्हतं, दोनदा जमत होतं. तर मी दोनदा बसेन, पाणी आणखी कमी करेन, मीठ सोडेन. आदिलाबादला रस्ता बंद असला की दोन दिवस उशिरा बसणारी माणसं मी पाहिली आहेत, मरत नाहीत.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. तिने फोन उचलला आणि सासूला लावला. माझ्याविरुद्ध माझ्या विहिणीकडे तक्रार! आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात. आणि ईनबाईंच्या शब्दाला मान द्यावाच लागतो, मुलीची आई म्हणून मी त्यांच्यापुढे एक पायरी खालीच. लेकीने सगळं सांगितलं, दिरहमसकट, खजुरासकट, आणि फोन माझ्या हातात दिला.

मागे ट्रक जात असल्याचा आवाज येत होता, म्हणजे त्या दुकानातच होत्या.

"ईनबाई," त्या म्हणाल्या, "तुमी मास्तरीण, मी भांडे विकणारी. मले एक समजावून सांगा. लेकीच्या घरचं पाणी प्याचं नाही, असंच आहे ना?"

"होय."

"पिणं म्हणजे काय? तोंडातून पोटात जाते ते. बराबर?"

"बराबर."

"मंग ते मशीन तुमाले पाणी पाजून राह्यलं, का अंगातलं पाणी काढून राह्यलं?"

मी डाव्या हातावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"सांगा ना. काढूनच राह्यलं ना? मंग माह्या पोरानं पैसे भरले त्यानं तुमच्या पोटात काय गेलं? उलट होतं ते बाहेर आलं. रीत कुठून मोडली?"

मी काही बोलायचा प्रयत्न केला. रीतीचा अर्थ नुसत्या पाण्यापुरता नसतो, त्यात पैसा-अडका सगळं येतं, असं काहीतरी. त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. "ते तुमी वाढवून सांगून राह्यल्या. पाणी म्हणजे पाणी. अन् आयका, मले आता माह्या सुनेपाशी जाता येत नाही, पाय चालत नाही. तिच्यापाशी तुमी आहे म्हणून मले झोप लागून राह्यली. तुमी तिथं आडव्या पडल्या तर तिच्याकडं कोण पाहीन? तिची सासू म्हणून सांगतो, हप्त्यातून तीनदा बसा. एक बार कमी झालं तर मी काठी टेकत येतो तिथं."

मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं आणि मग दोन्ही थांबेनात. इतकी वर्षं मुलांना व्याकरण शिकवलं, शब्दाचा नेमका अर्थ काय ते फळ्यावर लिहून दिलं, आणि इचोड्याच्या बाजारात बसलेल्या या बाईने मला एका क्रियापदात अडकवून मोकळं केलं. त्यांचा तो युक्तिवाद वकिलासमोर टिकला नसता. पण तो मला पटवण्यासाठी नव्हताच, मला मागे यायला वाट देण्यासाठी होता. हे मला तेव्हाच कळलं, आणि त्यांच्याबद्दल मनात जे दाटून आलं ते मी फोनवर नीट बोलूही शकले नाही. नुसतं "बरं" म्हटलं.

संध्याकाळी जावई आले. मी त्यांना म्हटलं, "मशीनचे तुमी भरा. जेवणाचा दिरहम मी ठेवीन, त्यात बोलायचं नाही." ते इतके खूष झाले की बूट न काढताच आत आले. दुसऱ्या दिवशी काउंटरवर त्यांनी आपलं कार्ड पुढे केलं तेव्हा मी तोंड फिरवून भिंतीवरचं चित्र पाहत राहिले. लाज वाटत होती. खोटं कशाला बोलू, खूप वाटत होती. उपकार करणं मला लहानपणापासून शिकवलं होतं, घेणं कुणी शिकवलं नव्हतं.

ऑपरेशनची तारीख उजाडलीच नाही. त्याच्या आधीच, एका मशीनच्या दिवशी, मला सुया लावून झाल्या होत्या, मशीन फिरायला लागलं होतं, आणि जावयांचा फोन आला. लेकीला एकाएकी खूप रक्त जायला लागलं होतं. ते तिला घेऊन दवाखान्यात पोचले होते, डॉक्टर लगेच ऑपरेशन करणार होते. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

मी नर्सला म्हटलं, "सुया काढ."

"अम्मा, अभी तो शुरू हुआ."

"काढ म्हणते ना! माझी लेक आहे तिकडे." मी मराठीतच ओरडत होते. तिला शब्द कळले नसतील, पण काय म्हणतेय ते कळलं असणार, कारण तिने माझा खांदा धरून ठेवला. मी दुसऱ्या हाताने पट्टी ओढायला लागले. पावणेदोन महिन्यांचा घाट कशासाठी घातला होता मी? ठेव मोडली, समुद्र ओलांडला, लाज गिळली, ती याच एका घटकेसाठी ना? की माझ्या पोरीला आत नेताना तिचा हात माझ्या हातात असावा. आणि तीच घटका आली तर मी इथे खुर्चीला बांधलेली, जावयांच्या पैशाने रक्त धूत बसलेली. मशीन मला त्या क्षणी वैऱ्यासारखं वाटलं.

फोन अजून चालूच होता. माझं ओरडणं पलीकडे ऐकू गेलं असावं. जावयांनी तो लेकीच्या कानाला लावला.

"आई," ती म्हणाली. दमलेला आवाज, पण स्पष्ट. "तू उठून राह्यली काय?"

"येते मी. आत्ता येते. सुया काढून देत नाही ही बाई..."

"उठू नोको."

"अगं, पण..."

"आई, आयक माझं. इथं मले पाहायले डॉक्टर आहे, नर्सा आहे, हे आहे. आजच्या दिवस तू नसली तरी मी निभावून घेईन." ती थांबली. मागे कुणीतरी इंग्रजीत घाई करत होतं. "पण उद्यापासून मले आई पायजे. लय वर्सं पायजे. तू पुरं बस."

आणि फोन बंद झाला.

माझा पट्टीवरचा हात आपोआप सुटला. नर्सने ती पुन्हा नीट चिकटवली, खुर्ची थोडी मागे कलवली आणि माझ्याशेजारी स्टूल ओढून बसली. तिला दुसरी कामं होती, तरी बसली. मी मशीनकडे पाहिलं. नळीतून माझं लाल रक्त आत जात होतं आणि परत येत होतं, नेहमीसारखंच. आजवर मी ते लेकीच्या बाळंतपणासाठी धूत होते, निदान मी तसं समजत होते. तिला ते कशासाठी हवं होतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लाज कुठे गेली कुणास ठाऊक. मी देवाचे, जावयांचे, ईनबाईंचे, त्या मशीनचे, सगळ्यांचे मनातल्या मनात पाय धरले.

मशीन अर्ध्यावर आलं होतं तेव्हा जावयांचा पुन्हा फोन आला. त्यांनी आधी नुसता फोन पुढे धरला. पलीकडे एक बारीक, चिडका आवाज जीव तोडून रडत होता. मग त्यांनी सांगितलं, नात होती. लेक बरी होती.

नर्सने विचारलं, "अम्मा, अब जाना है? डॉक्टर से पूछूँ?"

"नहीं," मी म्हटलं. "पूरा बैठूँगी."